टेक्स्चर विकायच्या आधी त्याची भिंत बांधून बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: फोटोग्राफीची आवड आहे, फोटोशॉपवर हात बसलेला आहे, विटा, लाकूड, दगड, प्लास्टर अशी साधारण २०० टेक्स्चर्स (थ्रीडी वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) बनवून सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात बिल्डर लोकांना, म्हणजे तिथे घरं आणि वस्तू बांधणाऱ्यांना, विकायला ठेवली आहेत, चार महिन्यांत मोजून नऊ गेली. आता किंमत उतरवू की अजून माल टाकू?

दोन्ही करू नका. किंमत उतरवून गिऱ्हाईक येत नाही कारण गिऱ्हाईक किमतीपाशी अडलेलंच नाहीये, आणि अजून १०० टाकलीत तर तीच गाडी अजून जड होईल. मी २००८ पासून हेच काम करते, सुरुवातीची दोन वर्षं मीही सुटी सुटी सुंदर चित्रं विकायला ठेवत होते, त्यामुळे तुमची दुकानाची यादी कशी दिसत असेल ते डोळ्यासमोर येतं: वीट १, वीट २, जुनी वीट, लाल वीट, लाकूड गडद, लाकूड फिकट.

बिल्डर चित्र विकत घेत नाही. तो घर अर्धं बांधून बसलेला असतो, भिंत उभी आहे, जमीन आहे, आणि त्याला आत्ता, या अर्ध्या तासात, जमिनीच्या फळ्या, त्याच लाकडाची खिडकीची चौकट, त्याच लाकडाची पायरी आणि पायरीच्या कडेला दिसणारा लाकडाचा कापलेला भाग असं सगळं एका जातीचं पाहिजे असतं. तुमचं गडद लाकूड कितीही देखणं असलं तरी त्याच्या जोडीला चौकट नसेल तर तो ते घेत नाही, कारण घेतलं की उरलेलं सगळं त्याला स्वतः जुळवत बसायला लागणार. तो तुम्हाला पैसे देतो ते वाचलेल्या तासांचे. हे मला एका गिऱ्हाइकाच्या मेसेजमुळे कळलं, तिने लिहिलं होतं की तुमचं ओकचं लाकूड फार आवडलं पण फळीचं टोक कुठे आहे, जिन्याला पुढून काय लावू? मी त्या रात्री बसून टोकाचे तीन तुकडे आणि एक बारीक पट्टी बनवली, तिला पाठवली, आणि मग तोच संच म्हणून ठेवला. तोपर्यंत ते लाकूड पडून होतं, नंतर कित्येक वर्षं माझं सगळ्यात जास्त विकलं जाणारं तेच राहिलं.

म्हणून पहिली गोष्ट, टेक्स्चर अपलोड करायच्या आधी त्याने काहीतरी बांधा. खरंच बांधा. सेकंड लाइफच्या बीटा ग्रिडवर (चाचणीसाठीच्या वेगळ्या जगात) अपलोडला खरे पैसे लागत नाहीत, किंवा व्ह्यूअरमध्ये, म्हणजे सेकंड लाइफ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लोकल टेक्स्चर म्हणून डिस्कवरची फाइल थेट प्रिमवर (तिथल्या बांधकामाच्या साध्या ठोकळ्यावर) लावता येते (ती फक्त तुम्हालाच दिसते, तेवढ्याला पुरे). १० मीटरची भिंत, २० बाय २० ची जमीन, एक खांब, एक जिना. आणि मग कॅमेरा मागे न्या, लांब, जितक्या लांबून येणारा माणूस ते घर पहिल्यांदा बघेल तितका.

इथेच बहुतेकांचा माल पडतो. ऑफसेट फिल्टरने चित्र अर्धं सरकवलं, मधली शिवण क्लोन स्टँपने पुसली, झालं सीमलेस, म्हणजे शेजारी शेजारी लावलं तरी जोड न दिसणारं, असं सगळे समजतात. शिवण जाते हो, पण पुनरावृत्ती जात नाही. माझ्या एका फळ्यांच्या टेक्स्चरमध्ये उजवीकडे खाली एक गाठ होती, छान गोल, काळसर, मला ती फार आवडली होती म्हणून ठेवली. जमिनीवर सहा बाय सहा रिपीट केल्यावर ३६ गाठी सरळ ओळींत उभ्या राहिल्या, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहतात तशा. ज्या गोष्टीमुळे फोटो चांगला दिसतो, तीच गोष्ट टेक्स्चरमध्ये डोळ्यात खुपते. गाठ, तडा, एक वेगळ्या रंगाची वीट, शेवाळाचा डाग, हे सगळं मूळ टेक्स्चरमधून काढा आणि त्याच संचात वेगळा तुकडा म्हणून द्या, बिल्डरला हवं तिथे तो लावेल.

गाठीपेक्षा फसवा प्रकार म्हणजे उजेडाचा उतार. फोटोत डावीकडचा कोपरा उजवीकडच्यापेक्षा जरासा उजळ असतो, एकट्या चित्रात कळतसुद्धा नाही, भिंतीवर लावलं की बुद्धिबळाचा पट दिसायला लागतो. त्यावर उपाय असा की चित्राची एक प्रत भरपूर ब्लर करायची, म्हणजे फक्त मोठे उजेड-अंधाराचे पट्टे उरतात, आणि ते मूळ चित्रातून वजा करायचे, हाय पास फिल्टर मुळात हेच करतो. पण जास्त केलंत तर सगळं राखाडी आणि मेलेलं होतं, त्यामुळे थोडं थोडं करत प्रत्येक वेळी भिंतीवर लावून बघायचं. आणि फोटो काढतानाच ढगाळ दिवस निवडलात तर यातलं अर्धं काम वाचतं. उन्हातल्या फोटोत प्रत्येक विटेखाली सावली एका बाजूला पडलेली असते, बिल्डरने टेक्स्चर ९० अंश फिरवलं की सावल्या आडव्या, आणि जगातला सूर्य तिसरीकडेच. पृष्ठभागासमोर सरळ उभं राहून, थोडं लांबून, झूम करून काढा, वाइड लेन्सने कडा वाकतात आणि मग विटांच्या ओळी जुळवता जुळवता जीव जातो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर एकाच भिंतीचे चार फोटो चार रंगांचे येतात आणि संच जुळत नाही.

मापाचं कोणी बोलत नाही म्हणून इथे सांगते. टेक्स्चरमध्ये किती मीटरची भिंत आहे ते ठरवा आणि सोबतच्या नोटकार्डात (सेकंड लाइफमधल्या मजकुराच्या चिठ्ठीत) लिहा, म्हणजे "हे चित्र २ मीटर रुंदीला एकदा रिपीट करा" असं. सेकंड लाइफमध्ये बहुतेक अवतार खऱ्या माणसांपेक्षा उंच असतात आणि कॅमेरा डोक्याच्या मागे वर असतो, त्यामुळे घरंही मोठ्या मापाची बांधली जातात. खऱ्या मापाची वीट तिथे बारीक दिसते, जराशी मोठी ठेवली की डोळ्याला बरोबर वाटते. हे आकडे आधीच दिलेत की बिल्डरचं रिपीटचं चाचपडणं वाचतं आणि तो परत तुमच्याकडेच येतो.

आता अल्फा. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे म्हणून जरा लांबण लावते. सुरुवातीला माझी सगळी टेक्स्चर्स मी ३२ बिट टीजीए म्हणून सेव्ह करत होते, कारण ३२ म्हणजे २४ पेक्षा चांगलं असणार असा माझा समज. ते जास्तीचे ८ बिट म्हणजे अल्फा चॅनेल, पारदर्शकतेचा. विटेच्या भिंतीत पारदर्शक काहीच नव्हतं पण चॅनेल होता, आणि तेवढ्यामुळे ती भिंत पारदर्शक वस्तूंच्या रांगेत जाऊन बसते, मग समोर काचेची खिडकी किंवा झाड आलं की कोणतं पुढे कोणतं मागे याचा गोंधळ होतो, कॅमेरा हलवला की झाड भिंतीतून आरपार दिसतं. एका बिल्डरने ३०-४० घरं विकल्यावर त्याच्या गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, त्याने मला दाखवलं, आणि मला एकूण ६४ टेक्स्चर्स २४ बिट करून परत अपलोड करायला लागली आणि प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला नवी पाठवायला लागली. पैसे गेलेच, पण त्याने ती सगळी घरं परत उघडून परत रंगवली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा: पारदर्शक भाग नाही तर अल्फा नाही. जाळी, पानं, कुंपण यांना अल्फा लागतो, तिथे कडांना पांढरी रेघ दिसते, ती येते कारण पारदर्शक भागाखाली पांढरा रंग असतो आणि चित्र लहान होताना तो कडेत मिसळतो. पानाचा हिरवा रंग कडेबाहेर पारदर्शक भागातही पसरवून ठेवा, रेघ जाते. २०१३ मध्ये मटेरियल्स (रंगासोबत पृष्ठभागाचा उठाव, चमकही ठरवायची सोय) आली तेव्हापासून अल्फा मास्किंगही करता येतं, म्हणजे पिक्सेल दिसेल किंवा दिसणार नाही, अर्धवट काही नाही, त्याने रांगेचा गोंधळ टळतो. कोणत्या टेक्स्चरला मास्किंग चालेल आणि कितीच्या आकड्यावर, तेही नोटकार्डात लिहा.

साइजबद्दल लोक उगाच हट्ट करतात. लांबी-रुंदी दोनाच्या घातात, २५६, ५१२, १०२४, नाहीतर अपलोड करताना सिस्टीम स्वतः ओढून बसवते आणि विटा पसरट होतात. कित्येक वर्षं १०२४ हीच कमाल होती, आता २०४८ चालतं. पण अल्फासकट १०२४ चं चित्र ग्राफिक्स कार्डात ४ एमबी खातं, ५१२ चं १ एमबी, २०४८ चं १६. खिडकीच्या चौकटीच्या पट्टीला १०२४ कशाला? बारीक पट्ट्या एकाच चित्रात एकाखाली एक रचून द्या, ट्रिम शीट म्हणतात त्याला, समजदार बिल्डर हे बघूनच ओळखतो की विकणाऱ्याने स्वतः कधीतरी बांधलेलं आहे. अपलोडला पीएनजी किंवा टीजीए वापरा, जेपीजी नको, कारण सर्व्हर सगळं जेपीईजी २००० मध्ये बदलून ठेवतो आणि आधीच दाबलेलं चित्र परत दाबलं की बारीक रेघा विरघळतात.

बिल्डर लोकही बदललेत, हे लक्षात घ्या. २०११ च्या आधी सगळं प्रिमवर चालायचं, प्रत्येक बाजूला एक टेक्स्चर लावलं की झालं, तेव्हा सुटी टेक्स्चर्स भराभर जायची. ऑगस्ट २०११ मध्ये मेश आलं, म्हणजे बाहेर बनवलेले थ्रीडी आकार आत आणता यायला लागले, आणि चांगले बिल्डर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गेले, तिथे ते वस्तू बनवतात, त्यावर सावल्या बेक करतात (चित्रातच उतरवतात) आणि तयार झालेलं चित्र वर चढवतात. अशा माणसाला सेकंड लाइफच्या आतलं १०२४ नको असतं, त्याला त्याच्या डिस्कवर मोठी फाइल हवी असते, २०४८ किंवा ४०९६. मी संचासोबत मूळ फाइल्सची डाउनलोड लिंक द्यायला लागले तेव्हा माझी विक्री परत उभी राहिली. २०२३-२४ मध्ये पीबीआर आलं, जीएलटीएफ मटेरियल, म्हणजे पृष्ठभागावर उजेड खऱ्यासारखा पडेल अशी पद्धत, आता नुसतं रंगाचं चित्र पुरत नाही, नॉर्मल मॅप (उठाव आणि खाचा), रफनेस (खरबरीतपणा), मेटॅलिक (धातूपणा), ऑक्लुजन (खाचांतला अंधार) हे सगळं लागतं. एकाच चित्राच्या लालमध्ये ऑक्लुजन, हिरव्यात रफनेस, निळ्यात मेटॅलिक असं भरतात. नॉर्मल मॅप ओपनजीएल पद्धतीचा हवा, डायरेक्टएक्सचा चढवलात तर हिरवा चॅनेल उलटा असतो आणि विटांमधल्या खाचा फुगलेल्या दिसतात, बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण भिंत खोटी वाटते. आणि पीबीआरच्या रंगाच्या चित्रात सावल्या अजिबात नकोत, जुन्या पद्धतीच्या टेक्स्चरमध्ये थोड्या हव्यात, त्यामुळे मी दोन्ही वेगळी करते आणि एकाच संचात देते. जुन्या मटेरियलवर चालणारे बिल्डर अजून भरपूर आहेत, त्यांना सोडू नका.

हक्कांचा विषय. तुम्ही स्वतः फोटो काढता म्हणता, हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, त्याची किंमत तुम्हाला कदाचित कळलेली नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये लिंडन लॅबने, म्हणजे सेकंड लाइफ चालवणाऱ्या कंपनीने, अटी बदलल्या, वर चढवलेल्या कंटेंटवर स्वतःला फार रुंद हक्क घेतले, आणि त्यावर सीजीटेक्स्चर्स (आताचं टेक्स्चर्स डॉट कॉम) आणि रेंडरोसिटी या साइट्सनी त्यांची चित्रं सेकंड लाइफमध्ये वापरायला बंदी केली. २०१४ मध्ये अटी सौम्य झाल्या, पण दरम्यान त्यांच्या चित्रांवर माल बनवणाऱ्या दुकानांची पंचाईत झाली. ज्यांचे स्वतःचे फोटो होते त्यांची झोप उडाली नाही. मी त्यांच्यात पूर्णपणे नव्हते, काही दगडांची टेक्स्चर्स मी एका विक्रेत्याकडून घेऊन त्यावर काम करून विकत होते, नंतर कळलं की मूळ चित्रंच त्याची नव्हती, सगळी काढून टाकली. पॉली हेवन, अँबियंट सीजी या साइट्सवरची चित्रं सीसी झीरो आहेत, म्हणजे त्यांच्यावरचे हक्क सोडून दिलेले आहेत, ती कायद्याने वापरता येतात, पण तीच जशीच्या तशी उचलून विकू नका, बिल्डरला ती फुकट मिळतात हे त्याला माहीत असतं आणि एकदा त्याने ओळखलं की तुमच्या उरलेल्या मालावरचाही विश्वास जातो. प्रत्येक टेक्स्चरचा मूळ रॉ फोटो जपून ठेवा, तारखेसकट. चोरी झाली की तक्रार करताना तोच पुरावा.

आणि चोरी होणार. बिल्डरला टेक्स्चर फुल पर्म द्यायलाच लागतं, कॉपी, मॉडिफाय, ट्रान्सफर तिन्ही, नाहीतर तो त्यातून बनवलेली वस्तू पुढे विकू शकत नाही. एकदा फुल पर्म दिलं की त्याला टेक्स्चरची यूयूआयडी, म्हणजे ओळखीचा क्रमांक, मिळते, ३६ अक्षरांची, ती कोणालाही देता येते आणि तुम्ही परत घेऊ शकत नाही. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये कॉपीबॉट (दुसऱ्याच्या वस्तूंची नक्कल करणारा प्रोग्राम) आला तेव्हा काही दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती, तेव्हापासून आजपर्यंत याला पक्कं कुलूप निघालेलं नाही. म्हणून लायसन्स साध्या भाषेत, अर्ध्या पानात लिहा. तयार वस्तूवर लावून विकता येईल का? हो, पण वस्तू फुल पर्म असता कामा नये, तीत निदान एक परवानगी बंद हवी, म्हणजे त्यातून टेक्स्चर सहज काढून घेता येत नाही. सुटं टेक्स्चर म्हणून देता किंवा विकता येईल का? नाही. ओपनसिमच्या ग्रिडवर (सेकंड लाइफसारख्याच दुसऱ्या आभासी जगांत) नेता येईल का? हे हमखास विचारतात, हो किंवा नाही, पण काहीतरी लिहा, न लिहिलेल्या जागेतूनच भांडणं निघतात. फुल पर्म वस्तू बनवून दुसऱ्या बिल्डरना विकणारे लोक असतात, त्यांच्यासाठी मी वेगळं, महाग लायसन्स ठेवते. माझा अनुभव असा की मुद्दाम चोरणारे थोडे, न कळून मर्यादा ओलांडणारे पुष्कळ, आणि त्यातल्या बहुतेकांना नीट शब्दांत मेसेज केला की ते लगेच दुरुस्त करतात. चोरणाऱ्यांविरुद्ध डीएमसीएची (अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याखालची) तक्रार करा, वेळ जातो, तरी करा.

दुकानाच्या मांडणीबद्दल एकच सांगते कारण तिथे तुमचं नुकसान होत असणार. भिंतभर १०२४ ची टेक्स्चर्स टांगली की येणाऱ्याला सगळं राखाडी दिसतं, लोड होईपर्यंत तो निघून जातो. १६ टेक्स्चर्सची २५६ साइजची छोटी चित्रं एका १०२४ च्या पाटीवर बसवा, १६ ऐवजी एकच चित्र लोड होतं, चोरायलाही त्यात काही नाही, आणि क्लिक केलं की एक मोठं दिसेल असं स्क्रिप्ट ठेवा. पाटीच्या शेजारी त्या संचाने बांधलेली एक खरी खोली ठेवा. चौकोनी तुकडे बघून घेणाऱ्यांपेक्षा त्या खोलीत फिरून घेणारे माझ्याकडे खूपच जास्त आहेत. मार्केटप्लेसवरही (सेकंड लाइफच्या वेबसाइटवरच्या बाजारात) पहिलं चित्र खोलीचं, दुसरं सगळ्या तुकड्यांचं. नावात बिल्डर काय शोधेल ते लिहा, "स्वप्नांची वीट" असं शोधायला कोणी येत नाही, किती तुकडे, किती साइज, पीबीआर आहे का, सीमलेस आहे का, फुल पर्म, बस.

किमतीचं म्हणाल तर, एक अमेरिकन डॉलर म्हणजे साधारण २५० लिंडन डॉलर (सेकंड लाइफचं चलन), आणि एका साध्या टेक्स्चरच्या अपलोडला वर्षानुवर्षं १० लिंडन डॉलर पडत आलेत. बिल्डरने स्वतः फोटो काढून जरी बनवलं तरी त्याला ते १० पडणार आणि वर दोन तास जाणार. त्यामुळे २० तुकड्यांचा जुळलेला संच त्याला महाग वाटत नाही, महाग वाटतं ते एक वेडंवाकडं जुळणारं टेक्स्चर, कितीही स्वस्त असलं तरी. एखादा छोटा संच फुकट द्या, पण तो तुमचा सगळ्यात चांगला असू द्या, टाकाऊ नको.

तुमच्या त्या २०० मधून आता फक्त एक भिंत निवडा, जिचे मूळ फोटो तुमच्याकडे आहेत आणि जिथे तुम्ही परत जाऊन उभे राहू शकता. जा, ढगाळ दिवशी जा, कोपरा, पाया, वरची कड, खिडकीखालची विटांची ओळ, ओघळ आलेला भाग, सगळं एकाच व्हाइट बॅलन्सवर काढून आणा. बाकीची विक्रीतून काढू नका इतक्यात, फक्त प्रत्येक फाइल उघडून अल्फा चॅनेल आहे का ते आज रात्री बघा.